ओढ्यात थांबलेला गाडा

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुराच्या पाण्यात म्हशीची शेपटी धरून मी रहिमतपुराहून सांगलीला गेलो आणि हळदीचा भाव विचारून त्याच म्हशीवर परत आलो, हे गावाने मुकाट ऐकून घेतले. पण मरीआई गाड्यातून उतरली आणि तिने माझ्याकडे तंबाखू मागितली, हे मी सांगायला बसलो त्या दिवशी भलतेच झाले.

दिवस तसा रोजच्यासारखाच उजाडला होता. जनावरे सुटली, चुली पेटल्या. गावात पटकी शिरली होती. पहाटे उलट्या-जुलाब सुरू झालेला माणूस दुपारपर्यंत वाळल्या शेंगेसारखा दिसू लागे. पहिल्या मयताला सगळा गाव रडला. पुढे कुणी रडेनासे झाले. सरणाचा धूर दिसला, तरी माणसे मान वर करून पाहत आणि पुन्हा वैरण कापू लागत. कुणाचे, म्हणून विचारतही नसत.

साथीचे डॉक्टर येऊन गेले होते. पाणी उकळून प्या, लस टोचून घ्या, असे त्यांनी चावडीपुढे ओरडून सांगितले आणि विहिरीत लाल औषध टाकले. पाण्याला जांभळट रंग आला. "हिर बाटली," म्हणत बायका घागरी घेऊन ओढ्यावर गेल्या. त्याच ओढ्यात आजाऱ्यांची धुणी धुतली जात होती.

आणि देवळापुढे गाडा सजत होता. आमच्याकडची रीत अशी, की पटकी आली म्हणजे मरीआईला ओढ्याच्या पाण्याने आंघोळ घालायची आणि ते पाणी तीर्थ म्हणून घागरीत भरायचे. मग हिरवे लुगडे नेसवून तिला गाड्यात बसवायचे, घागर शेजारी ठेवायची आणि गाडा ढकलत पुढच्या गावच्या शिवेत सोडून यायचे. रोग तिच्याबरोबर जातो म्हणतात. पुढच्या गावाने तीर्थ प्यायचे आणि गाडा आणखी पुढे लोटायचा. आमचे पुढचे गाव म्हणजे ओढ्यापलीकडची वाडी. ती काही परकी नव्हे. आमच्या कितीतरी लेकी तिथे दिलेल्या. लालासाहेबाची बहीण मनुबाईही तिथेच.

या लालासाहेबानेच गाड्याचा पुढाकार घेतला होता. लढाई संपल्यावर पेन्शन घेऊन आलेला हवालदार. पलटणीत दंड पुढे करून निमूट टोचून घ्यायचा, पण पलटणीची रीत वेगळी, गावाची वेगळी, असे त्याचे म्हणणे.

"चला रं, हात लावा," तो म्हणाला.

मी जाऊन गाड्याच्या दांडीवरच बसलो.

"नाना, उठा की. ही काय गोष्टी सांगायची येळ हाय व्हय?"

"गड्या, मागच्या साथीला गाडा का थांबला, ठावं हाय का तुला? तू तवा पलटणीत हुतास."

त्याला खरेच ठाऊक नव्हते. बाकीच्यांना होते, पण त्यावर गावात कुणी बोलत नसे. पायरीवर बसून बनुबाई गाड्यासाठी लिंबाचे डहाळे दोऱ्यात बांधत होती. तिला सांगितले होते, म्हणून ती बांधत होती.

"असाच गाडा, असंच लुगडं," मी सुरू केले. "ओढ्याच्या मधोमध ही बनुबाई आडवी हुबी. हिची शालू वाडीत दिलेली, पोटुशी. ही म्हणाली, डाक्तर म्हणत्यात रोग पाण्यात हाय, आन् तुमी त्यो घागरीत भरून माझ्या लेकीच्या दारात न्हेताय. म्या न्हाई जाऊ द्यायची."

"मग?"

"बाईचं कोण आयकतंय? लोक तिला बाजूला करणार, तवर मरीआईच गाड्यातनं खाली उतरली! लुगड्याचा वचा खोचला आन् मला म्हणाली, आकाराम, तमाकू हाय का?"

"दिली का मग?"

"द्यावी लागतीया. देवीला न्हाई म्हणतोस व्हय? चिमूट तोंडात टाकली आन् म्हणाली, तुमच्या वंगाळ पाण्यानं आंघुळी करून माझ्याच अंगाला खाज सुटली. ते पिऊ नगासा. पाणी उकळा, दंड टोचून घ्या. आन् मला दुसऱ्याच्या गावात ढकलू नगासा. मला पाय हायती, जायचं तवा माझी मी जाईन!"

कुणीतरी हसले. गावात हसू ऐकून फार दिवस झाले होते. हसणाराच दचकला.

लालासाहेबाचा हात दांडीवरून सैल सुटला होता. मला चेव आला.

"गाडा तितंच थांबला. घागर वाळूत वतली. वाडीत रोग गेलाच न्हाई. शालू सुखानं बाळंत झाली, पोरगं झालं, आता कालवडीमागं पळतंय..."

"गाडा थांबला न्हवता, भावजी."

बनुबाईने मान वर केली नव्हती. हातातली गाठ तिने आधी पुरी केली. आवाजात ना राग, ना रडू. बाजाराला कोण गेले ते सांगावे, तसे ती सांगत होती.

"देवी काय बी बोलली न्हाई. बोलली ती मी. गावानं मला दंडाला धरून कडंला काढली आन् गाडा पलीकडं ग्येला. शालूला तान लय लागायची. म्हायेरचं पाणी आलंया म्हणून तिनं वंजळीवर वंजळ पिली."

तिने दुसरा डहाळा उचलला. मग पहिल्यांदाच लालासाहेबाकडे पाहिले.

"तुमच्या मनूलाबी म्हायेरचं पाणी ग्वाडच लागंल."