शेकोटी छान चाललीये!

मार्डेल सोर्लीच्या घरातली नवी शेकोटी झोकात पेटायची आणि कॉफीचा कप संपायच्या आत विझायची. जुन्या विटांच्या शेकोटीत लाकडं घालून घालून तिच्या नवऱ्याची, ऑर्विलची, कंबर गेली, म्हणून त्याच जागी ही गॅसची बसवली. बाहेर तळं गोठलेलं, आणि घरात दोघं स्वेटरवर स्वेटर चढवून तिच्यासमोर बुचकळ्यात पडून बसलेली!

ऑर्विलने रिमोटची बॅटरी बदलली. काच पुसली, ती पुन्हा काजळली. मार्डेलने आतली खोटी लाकडं पुस्तिकेत पाहून नव्याने रचली. कधी वाटे वाऱ्याने विझते, कधी वाटे मांजर रिमोटवर बसतं. काही केल्या उमजेना.

"लाइलला बोलावू या का?" मार्डेलने विचारलं. शेकोटी लाइलनेच बसवली होती.

"लाइलला?" ऑर्विल दचकला. "अगं, चर्चमध्ये गाताना माझ्या शेजारी उभा असतो तो. नवा धंदा, पहिलंच काम आपलं. त्याला काय वाटेल!"

"मग उन्हाळ्यापर्यंत कुडकुडायचं?"

"तितकं काही वाईट नाहीये."

आमच्या मिनेसोटात घराला आग लागली तरी माणसं 'तितकं काही वाईट नाहीये' म्हणतील. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना लाइलनेच विचारलं, "कशी चाललीये शेकोटी?"

"छान! अगदी छान!" मार्डेल तोंडभर हसून म्हणाली, तेही चारचौघींना ऐकू जाईल असं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

पुढे एका रविवारी ऐंशी उलटलेली वर्ना त्याच तळघरात अंगावर कोट तसाच ठेवून बसली होती. समोरच्या लिंबाच्या वडीला तिने हातही लावला नव्हता.

"बरं नाही का, वर्ना?" मार्डेलने विचारलं.

"डोकं जड होतं गं. घरात असले की चढतं, बाहेर पडले की उतरतं. वय झालं!" मग वर्ना हळूच म्हणाली, "तुमची इतकी छान चालते ऐकून मीही लाइलकडून तश्शीच बसवून घेतली. पण माझी सारखी विझते बघ. माझंच काहीतरी चुकत असणार. त्याला बोलू नकोस हं."

मार्डेलने कप खाली ठेवला. "आणि घरात विषारी वायू साठला की वाजतो तो भोंगा? तो नाही वाजला?"

"वाजला की! थांबेचना. शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून टॉवेलात गुंडाळून खणात ठेवला."

अरे देवा! मार्डेल ताडकन उभी राहिली.

"लाइल! शेकोटी छान नाहीये! पहिल्या दिवसापासून नाहीये! मी खोटं बोलले!"

लाइलचा चेहरा पांढरा पडला. "वर दोन नळ्या असतात, एक हवा आत आणायची, एक धूर बाहेर न्यायची," तो चाचरत म्हणाला. "कुठली कुठे लावायची, याचा माझाच घोळ झाला होता. शेकोटीच्या कंपनीला फोन करणार होतो, पण म्हटलं त्यांना कशाला त्रास? आणि तुमची तर छान चालली होती..."

वर्नाला घरी जाऊच दिलं नाही, थेट दवाखान्यात नेलं. रक्तात विषारी वायू निघाला. गॅसवाल्यांनी दोन्ही घरं तपासली. नळ्या उलट्या लागल्या होत्या, म्हणून शेकोटी स्वतःचाच धूर गिळून गुदमरत होती. वर्नाकडे तर जोडही सैल होता आणि तो धूर खोलीत पसरत होता. सुदैवाने म्हातारी वाचली.

दवाखान्यात ऑर्विल पुटपुटला, "तरी चारचौघांत बोलायला नको होतंस, मार्डेल. त्या पोराचं तोंड पाहिलंस?"

वर्नाने नाकावरचा प्राणवायूचा मुखवटा बाजूला सारला.

"ऑर्विल, त्याचं तोंड चार दिवसांत ताळ्यावर येईल. तुम्ही छान म्हणालात, म्हणून मी माझ्याच डोक्यावर संशय घेतला. थंडी सोसली असती रे मी. पण आपणच खुळावलो असं वाटत एकटीने दिवस काढणं, ते फार वाईट!"

ऑर्विल तिचा हात धरून ढसाढसा रडला. मग बाहेर जाऊन त्याने लाइलला फोन लावला. "ये बाबा, नळ्या सरळ कर. आधी कंपनीला विचार, आणि काम झालं की मी खरं काय ते सांगेन."

मंडळी, कुणाचं मन राखायला आपण 'छान आहे' म्हणतो आणि विसरून जातो. पण कुणीतरी त्या शब्दावर विश्वास ठेवून आपलं दार लावून घेतं. चुकलेल्याला चुकलं म्हणून सांगणं हा उद्धटपणा नव्हे, शेजारधर्म आहे!