मिस्त्रींना मीटिंगचं बोलावणं

"साहेबांनी वर बोलावलंय, मीटिंगला," शिपाई दारातूनच ओरडला.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. शिवणवाल्या बाई उंच स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या गुडघ्याखाली उरलेल्या पायावर मिस्त्री प्लॅस्टरची ओली पट्टी गुंडाळत होते. शेवटचा वेढा चालला होता.

"तो मघाशीच गेलाय वर," मिस्त्री म्हणाले.

"त्यांना नाही हो. तुम्हाला बोलावलंय. लगेच या म्हणाले."

मिस्त्रींचे हात थांबले.

कृत्रिम पाय बनवायच्या त्या कारखान्यात मिस्त्रींना चोवीस वर्षं झाली होती. पट्टी कुणीही गुंडाळेल, खरं काम त्यानंतर सुरू होतं. गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे रोवायचे, मागून बोटांचा आधार द्यायचा आणि प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत चार मिनिटं श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. त्या दोन अंगठ्यांच्या खळग्यांवर पुढे माणूस उभा राहतो. खळगे चुकले तर सगळा भार हाडाच्या टोकावर येतो, आणि मग पाय घरात कोपऱ्यात उभा राहतो आणि माणूस बसून.

चार मिनिटांचाच प्रश्न होता. "आलोच" म्हणून शिपायाला वाटेला लावलं असतं तर काही आभाळ कोसळलं नसतं. पण या बोलावण्याची वाट मिस्त्री सहा वर्षं बघत होते. तेवढ्यात त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली तर?

"बाई, हलू नका. पाच मिनिटांत आलो."

"अहो, पण ही ओली आहे ना अजून?" बाई म्हणाल्या. "तिसरी खेप आहे माझी. दोन्ही वेळा तुमच्या लोकांची मीटिंग होती म्हणून परत गेले. दोन बस बदलून येते मी. एक तारखेला मशीनवर बसले नाही तर माझी जागा दुसरीला देणारेत."

"आज साचा झाल्याशिवाय पाठवत नाही तुम्हाला. शब्द आहे माझा."

"माप घेताना मी तर बाई गिऱ्हाईकाला सोडून कुठे जात नाही," बाई पुटपुटल्या. मिस्त्रींना ते ऐकू आलं. ऐकू येऊनही ते जिन्याकडे निघाले.

वर बसलेला 'तो' म्हणजे मिस्त्रींचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला या कारखान्यात मिस्त्रींनीच चिकटवलं होतं. अंगठे कुठे रोवायचे हे त्याचे हात धरून शिकवलं होतं. पोराचा हात चांगला होता, पण तोंड त्याहून चांगलं निघालं. एकदा कुणी पाहुणे आले असताना त्यानं असं काही गोड बोलून दाखवलं, की साहेबांनी त्याला मीटिंगला बसवलं, आणि तो जो वर गेला तो गेलाच. सकाळी आढाव्याची मीटिंग, दुपारी नियोजनाची, संध्याकाळी उद्याच्या मीटिंगच्या तयारीची. त्याचं टेबल रिकामं, आणि त्याच्या वाटचे पाय मिस्त्रींच्या टेबलावर.

मिस्त्री मीटिंगा तासांत मोजत नसत, पायांत मोजत. एका पायाला एका माणसाचे दोन दिवस लागतात. चार माणसं तीन तास वर बसली की मिस्त्री खाली हिशेब करत, "गेला आज पाऊण पाय." पाय बनवणारी माणसं सगळी सहा. महिन्याला सत्तर पाय व्हायचे ते चाळिसावर आले होते. बाहेरच्या बाकावर कुबड्या घेऊन बसणाऱ्यांची रांग दारापर्यंत पोचली होती.

हे सगळं खरंच होतं. पण मिस्त्रींना त्या रांगेची जितकी काळजी होती, त्याहून जास्त पोटदुखी होती. मेहुण्याचा पांढरा शर्ट दिवस संपला तरी पांढराच. नखं स्वच्छ. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. आणि घरी गेलं की बायकोचं पुराण.

"धाकट्याला आज तीन मीटिंगा होत्या म्हणे. दमला बिचारा."

"बसून?" मिस्त्री विचारत.

"तुम्हाला नाही कळायचं. डोक्याचं काम असतं ते. तुम्हाला का नाही हो बोलावत कधी?"

त्यावर मिस्त्री ताट सारून उठत. गुरूची विद्या गुरूला असं लोक म्हणतात, पण इथे विद्या खालीच राहिली होती आणि चेला माडीवर. एकदा तर मेहुण्याच्या बुटाला कोपऱ्यात भेग पडलेली दिसली तेव्हा मिस्त्रींचा अख्खा दिवस आनंदात गेला होता.

वरच्या खोलीत गारवा होता. लांबलचक टेबलाभोवती सात माणसं बसली होती आणि आठवी खुर्ची खरोखरच रिकामी होती. मऊ होती, फिरत होती. मिस्त्री बसले, जरासे डावीकडे फिरले, जरासे उजवीकडे. समोर कोरी वही, नवं पेन, कॉफीचा कप. समोरच मेहुणा बसला होता. तो मिस्त्रींकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा उतरला होता. 'झोंबल्या का मिरच्या?' मिस्त्री मनात म्हणाले. इतकं बरं त्यांना बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

भिंतीवर तक्ता होता. विषय होता, पाय द्यायला उशीर का होतो. त्यासाठी कारखान्यातली चार माणसं अर्ध्या तासापासून वर बसलेली होती. एकानं फॉर्मचा रंग बदलायला सुचवलं. दुसऱ्यानं रोज कामाच्या तासांची नोंद करावी म्हणून आणखी एक फॉर्म सुचवला. मिस्त्री तक्त्यावर नजर लावून सगळ्याला मान डोलावत होते. वहीत काहीतरी लिहावं म्हणून त्यांनी तारीख लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "प्रत्यक्ष काम करणारे तुम्ही. आम्ही आपले बाहेरून बोलणारे. तुम्हीच सांगा, वेळ नेमका जातो कुठे?"

सगळे त्यांच्याकडे वळले.

उत्तर मिस्त्रींकडे सहा वर्षं तयार होतं. 'साहेब, या खोलीत जातो.' भांडी घासताना बायकोला, आंघोळीच्या वेळी आरशाला, त्यांनी ते शंभरदा ऐकवलं होतं. आता नुसतं तोंड उघडायचं होतं. पण खुर्ची मऊ होती. ही खोली बंद पडली तर खुर्चीही गेली. बायकोला आज संध्याकाळी काय सांगणार?

मिस्त्रींनी घसा साफ केला. "मला वाटतं, साहेब, याचा एकदा नीट आढावा घ्यायला पाहिजे."

"अगदी बरोबर!" साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "यासाठी वेगळी मीटिंग घेऊ. गुरुवारी. लिहून घ्या, मिस्त्रींची सूचना."

मिस्त्रींची छाती फुगली. आता मेहुण्याचं तोंड बघायचं म्हणून त्यांनी समोर पाहिलं, तर त्याची खुर्ची रिकामी.

"हा कुठे गेला?" त्यांनी शेजारच्या भांडारवाल्याला हळूच विचारलं.

"मघाशीच गेला की. तुम्ही येऊन बसलात, त्यानं तुमच्या हातांकडे पाहिलं आणि उठला. मला वाटलं, फोन आला असेल."

मिस्त्रींनी हात पुढे धरले. कोपरापर्यंत प्लॅस्टर लागलं होतं, आणि ते पार वाळून पांढरंफटक झालं होतं. घड्याळात पंचवीस मिनिटं झाली होती. मिस्त्री खुर्ची मागे ढकलून उठले आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

खाली त्यांच्या टेबलावर पहिला साचा उभा चिरून टाकलेला होता. वाटीखाली सपाट, खळग्यांचा पत्ता नाही, निव्वळ कचरा. शिवणवाल्या बाई तिथेच स्टुलावर होत्या, पायावर दुसरी, ताजी पट्टी. आणि पुढे गुडघे टेकून मेहुणा बसला होता. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, पोटावर प्लॅस्टरचे ओघळ, आणि दोन्ही अंगठे वाटीखाली रोवलेले.

"सरक. मी घेतो," मिस्त्री म्हणाले.

"आता नाही दाजी. हात बदलला तर खळगा सरकेल. तुम्हीच सांगितलंय."

खरं होतं. मिस्त्री आपल्याच खोलीत रिकाम्या हातांनी उभे राहिले. ते वाकले आणि मेहुण्याचे अंगठे निरखायला लागले. डावा जरा वर गेला असेल, उजवा जास्त दाबला असेल. एक तरी चूक सापडावी म्हणून त्यांचे डोळे तळमळत होते. बोटं मागे कुठे आहेत तेही त्यांनी बघितलं. एकही चूक नव्हती. मेहुणा वर मीटिंगला बसतो याचंही त्यांना कधी वाटलं नव्हतं इतकं वाईट ते अंगठे बघून वाटलं. खुर्ची तर खुर्ची, आता हेही याचंच?

"तुम्हीच पाठवलंत म्हणे यांना," बाई म्हणाल्या. "हे म्हणाले, दाजींना साहेब सोडत नाहीयेत, म्हणून त्यांनी मला खाली धाडलं. बरं झालं बाई. मला वाटलं, चौथी खेप होते आता."

मेहुणा मान खाली घालून अंगठ्यांकडेच बघत होता.

"सहा वर्षांनी हात लावतोय, दाजी," तो म्हणाला. "वाटलं होतं विसरलो असेन. वर बसून रोज तेच डोक्यात यायचं. तुमचं बरं होतं. तुम्हाला कुणी बोलवायचं नाही."

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करतोय का, हे त्यांनी नीट तपासलं. थट्टा नव्हती.

तेवढ्यात मेहुण्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. बंद झाला, पुन्हा वाजायला लागला.

"दाजी, घ्या ना जरा. हात अडकलेत माझे."

मिस्त्रींनी दोन बोटांनी फोन काढून कानाला लावला.

"कुठे आहात तुम्ही?" साहेब बोलत होते. "गुरुवारच्या मीटिंगचं ठरवायचंय."

"साहेब, मी मिस्त्री बोलतोय. तो कामात आहे."

"मिस्त्री? अहो, तुम्हीही उठून गेलात! असू द्या, तो नसेल तर नसू दे. तुम्ही या. तुमचीच तर सूचना आहे. गुरुवारी मांडणीही तुम्हीच करा."

मेहुणा नसेल तर नसू दे, तुम्ही या. सहा वर्षं मिस्त्रींना नेमकं हेच ऐकायचं होतं, याच शब्दांत. फोन कानाशी धरून त्यांनी मेहुण्याच्या हातांकडे पाहिलं. समोर अंगठे हललेले नव्हते. अजून दोन मिनिटं तरी हलणार नव्हते.

"मलाही जमायचं नाही, साहेब."

"का बरं?"

"काम आहे. आणि साहेब, मघाशी तुम्ही विचारलंत ना, वेळ कुठे जातो. तिथेच जातो. वर." पलीकडून उत्तर यायच्या आत त्यांनी फोन बंद केला आणि टेबलावर ठेवला.

मेहुण्यानं मान वर केली, मग पुन्हा खाली घातली.

साचा धरलेला असताना खाली सांडलेलं पुसून घ्यायचं, हे काम कारखान्यात नव्या माणसाचं. मेहुण्यानं ते पहिली दोन वर्षं केलं होतं. मिस्त्रींनी खुंटीवरचं फडकं ओलं केलं आणि ते हळूहळू, एक गुडघा, मग दुसरा, असे मेहुण्याच्या शेजारी खाली बसले.

"अहो, राहू द्या," बाई अवघडून म्हणाल्या.

"राहू कसं देऊ? वाळलं की निघत नाही," मिस्त्री म्हणाले, आणि बाईंच्या त्या एकुलत्या एका चपलेवर पडलेले प्लॅस्टरचे थेंब ते पुसायला लागले.