अकरावा रकाना

पेंटरचा हात कधी थरथरला नव्हता. दुकानांच्या पाट्या तो फूटपट्टीशिवाय रंगवायचा आणि वर स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा.

सरकारी मदतीचा अर्ज मात्र दुसऱ्यांदा परत आला होता. तो पालकाने स्वतःच्या हाताने भरायचा, असा नियम. अकराव्या रकान्यात प्रश्न होता : मूल बरे होण्याची शक्यता आहे काय? पेंटरने दोन्ही वेळा टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आहे'.

कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ही मदत बऱ्या न होणाऱ्या मुलांसाठी आहे. डॉक्टरांच्या दाखल्यात 'नाही' आणि तुमच्या अर्जात 'आहे', कसं चालेल? उद्या शेवटचा दिवस आहे."

"डॉक्टर काय देव लागून गेले?"

बाईंनी वाद घातला नाही. कोरा अर्ज पुढे सरकवला, पाण्याचा ग्लासही. बाई चांगल्या होत्या, हीच तर पंचाईत. शिव्या घालायच्या तरी कुणाला?

घरी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. त्याचं भाडं या मदतीतूनच भागणार होतं. मदत मिळाली नाही तर माणसं येऊन यंत्र उचलून नेणार. नाकात नळी घालून नऊ वर्षांची लेक उशीला टेकून बसली होती. बोलणं सगळं मोठ्या बायकांसारखं, म्हणून घरात तिला आजीबाई म्हणत.

"एकच शब्द लिहायचाय," बायको हळूच म्हणाली. "लिहिलात म्हणून काय लगेच..." ती भांडी घासायला उठून गेली.

दहा रकाने झरझर झाले. अकराव्यापाशी पेन अडलं. आधी पाटी, मग दुकान, हे पेंटरने उभा जन्म पाहिलं होतं. आपण लिहितो आणि मग ते घडतं. त्याचा हात थरथरायला लागला. त्याला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

"बाबा, बघू." आजीबाईने अर्ज ओढून घेतला आणि रकाना वाचला. "हेच ना? मला कधीपासून माहितेय."

पेंटरने अर्ज परत घ्यायला हात पुढे केला.

"मीच लिहिलं असतं, पण पालकानेच लिहायचं म्हणतात. तू लिही. मी हात धरते."

पहिलीत असताना त्याने तिचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. आता तिने त्याचा धरला. 'ना' बरा आला. 'ही'ची वेलांटी पार खाली घसरली. पेंटरने सवयीने ती दुरुस्त करायला पेन उचललं.

"खोडू नकोस हं, बाबा," आजीबाई धापा टाकत म्हणाली. "खाडाखोड केली की परत येतो अर्ज."