डाव्या बंपरवरचा हिरवा

भर उन्हात गाडी धुणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. पत्रा तापलेला, त्यावर साबण ओतायचा, तो जागच्या जागी वाळणार आणि मग हेच महाशय विचारणार, काका, हे डाग कसले हो? डाग तुझ्या अकलेचे, बाबा. भांडी घासायच्या साबणाने धुणारे तर वेगळेच महाभाग. जुनं वॅक्स सगळं निघून जातं, पत्रा उघडा पडतो आणि ते आपले खूश, कशी स्वच्छ निघाली म्हणून!

चाळीस वर्षं गॅरेजमध्ये पॉलिशचं काम केलं मी. माझ्या हातची चमक सहा-सहा महिने हलत नसे. धुळीत ठेवा, पावसात ठेवा. गॅरेज बंद झालं त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरी बसून आहे. बायको नाही, एकच लेक, ती लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला. जावई मोठ्या कंपनीत साहेब. सहा वर्षांत चार वेळा माझ्याकडे आला असेल. पहिल्याच वेळी माझी नखं बघून त्याने चहाचा कप जो खाली ठेवला तो परत उचलला नाही. मला 'अहो' म्हणायचा. लेक समोर असली की तेवढंही नाही, थेट विषयालाच हात.

तर असा हा माणूस एका रविवारी सकाळी सात वाजता माझ्या दारात, आणि हाक कशी मारतो? "बाबा, आहात ना घरी?"

मी दात घासत होतो. फेस तोंडातच राहिला.

"गाडी जरा हातात घ्या ना, बाबा. बाहेर दिली की चरे पाडून ठेवतात. तुमच्या हाताची सर कुणाला नाही, ही तर रोज सांगते."

ही म्हणजे माझी लेक. मला वाटलं, सहा वर्षांनी का होईना, अक्कल आली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. लुंगी बदलून जुनी पँट चढवली आणि माळ्यावरची पेटी काढली.

गाडी पांढरी. पांढऱ्या गाडीचं काम सगळ्यात नाजूक, कारण तिच्यावर चमक लवकर दिसत नाही आणि घाण लगेच दिसते. भिंतीच्या सावलीत घेतली. आधी टायर, त्यांची बादली वेगळी, फडकं वेगळं. चाकाचा चिखल छतावर नेणाऱ्याला मी गॅरेजमध्ये उभा करत नसे. मग छतापासून खाली. एक बादली साबणाची, एक नुसत्या पाण्याची, फडकं दर हाताला त्या दुसऱ्या बादलीत खळबळायचं, तळाला वाळू बसते ती बघायची. जावई खुर्ची घेऊन शेजारी बसला. विचारत होता, हे असं का, ते तसं का. मी सांगत होतो. चहा केला तर कप रिकामा करून परत दिला. म्हणाला, "बाबा, तुम्ही एवढे जाणकार, आम्हाला कधी बोलला नाहीत."

कधी विचारलंस, मेल्या? पण हे मी आत्ता म्हणतोय. तेव्हा नुसता हसलो.

पुसता पुसता पुढच्या डाव्या कोपऱ्याशी आलो. बंपरवर गुडघ्याच्या खाली एक पट्टा होता, चार बोटं रुंद. हिरवा. ओरखडा नव्हे, दुसऱ्या कशाचा तरी रंग घासून वर चढलेला.

"ते पार्किंगमध्ये खांबाला घासली जरा," जावई म्हणाला. मी विचारलं नव्हतं. "निघेल ना?"

खांब सिमेंटचे असतात. फार तर पिवळे-काळे पट्टे मारतात त्यांवर. आणि हा हिरवा मी नखाने खरवडून बघितला, तो कुठल्या डब्यात विकत मिळणारा नव्हता. हाताने मिसळलेला होता. चाळीस वर्षं रंगाशेजारी काढलेल्या माणसाला एवढं कळायला चष्मा लागत नाही.

"निघेल की," मी म्हणालो. "न निघायला काय झालं?"

फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाउंड, म्हणजे डाग घासून काढायची पेस्ट, घेतलं. दाबून नाही घासायचं, अडाणी लोक दाबतात आणि खालचा रंग खातात. बोटांच्या पोटांनी, छोटे गोल घेत, मधेच थांबून, पुसून, बघून. दहा मिनिटं लागली. हिरवा फडक्यावर आला आणि खालून कोरा पांढरा निघाला. मग बारीक पॉलिश. मग सगळ्या गाडीला वॅक्सचा एक पातळ हात, तो धुरकट होईपर्यंत थांबायचं आणि कोरड्या मऊ फडक्याने उचलायचा. दुपारी एकला गाडी अशी दिसत होती की शेजारचे गॅलरीत येऊन उभे राहिले. जावई वाकून पाया पडला माझ्या. लग्नात पडला होता त्यानंतर हेच.

संध्याकाळी पेंटरच्या बायकोचा फोन आला.

पेंटर म्हणजे माझा गॅरेजमधला जोडीदार. तो रंग मारायचा, मी चमक आणायचो. मला 'चकचक्या' म्हणायचा, सगळ्यांसमोर, साहेबांसमोरसुद्धा. वहिनी फोनवर रडत होत्या. आदल्या संध्याकाळी वळणावर मागून एका गाडीने त्याच्या सायकलला उडवलं आणि ती पळून गेली. अर्धा तास तो कडेला पडून होता. खुबा मोडला, उजव्या मनगटाचा चुरा झाला.

त्याची सायकल हिरवी होती. गॅरेजच्या शेवटच्या दिवशी डब्यांचे तळ खरवडून, थोडा पिवळा, थोडा निळा, काळ्याचा एक थेंब असा तो रंग त्याने माझ्यासमोर मिसळला होता. शेवाळ्यासारखा दिसतो म्हणून मी चिडवलं, तर म्हणाला, "लेका, असा दुसरा कुठे दिसला तर दाखव."

मी हॉस्पिटलात गेलो. प्लॅस्टरमधून नुसती बोटांची टोकं बाहेर होती, निळी पडलेली. तो हसला मला बघून. हसला!

"पांढरी गाडी होती एवढंच दिसलं," म्हणाला. "नंबर नाही. पण चकचक्या, माझा रंग तिच्यावर असणार बघ. पोलिसांना सांगितलंय मी. तूही येता-जाता नजर ठेव. तो हिरवा आपल्या दोघांशिवाय कोण ओळखणार? मला काही नको रे त्याच्याकडून. एकदा माझ्यासमोर उभा राहू दे. मी हाका मारत होतो. गाडी पुढे जाऊन थांबली होती, दार उघडलं होतं, मग परत लागलं. कुणी दार लावलं ते मला बघायचंय."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

मान हलवून तसाच जावयाकडे गेलो. गाडी दारात उभी. मी सरळ विचारलं, "खांब हिरवा होता का, जावईबापू?"

"कुठला खांब?" तो म्हणाला. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "काय बोलताय तुम्ही?"

"बंपरवर पट्टा होता. मी काढला."

"कुठे? दाखवा."

मी वाकलो. बोट फिरवलं. काही नव्हतं. गुळगुळीत. माझंच काम, मलाच सापडेना. आणि ते हिरवं फडकं मी त्याच दुपारी उकळत्या पाण्यात घालून, पिळून, वाळत टाकलं होतं. घाणेरडं फडकं पेटीत ठेवायची माझी पद्धत नाही.

"मी पोलिसांत जातो," मी म्हणालो.

"जा की. आणि काय दाखवणार? पट्टा होता, आता नाही? तुम्हीच काढला? आधी तुम्हालाच बसवून ठेवतील."

लेक दारात उभी होती. तिने मला आत ओढलं. मला वाटलं, हिला काही माहीत नसणार, कसं सांगू हिला. तर तीच खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, पोरं मागच्या सीटवर होती. आम्ही घाबरलो हो. मी उतरत होते, पण हे म्हणाले दार लाव."

मी तिचा हात सोडवून घेतला.

"यांना मीच म्हटलं, बाबांकडे न्या गाडी," ती म्हणाली. "म्हटलं, जरा शेजारी बसा, बाबा म्हणा, चहा प्या. ते काही विचारणार नाहीत."

ती तीन वर्षांची असताना तापात तिला रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसलेला माणूस मी. माझी नाडी तिने एवढी पक्की ओळखली होती! थोबाडीत मारावीशी वाटली, आणि कुणाच्या मारू ते कळेना. पोरं आतून "आजोबा" म्हणून धावत आली. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून आलो. पोलिसांत गेलो नाही.

आठ दिवसांनी जावयाचा फोन. आवाजात पेढे वाटल्यासारखा आनंद. पोलीस परिसरातल्या पांढऱ्या गाड्या बघत फिरत होते, आमचीही बघून गेले, बॅटरी मारून, गुडघे टेकून. "काही नाही सापडलं, बाबा. तो हवालदार तर विचारत होता, पॉलिश कुठून करून घेतलं म्हणून!"

त्या आठ दिवसांत मी रोज हॉस्पिटलात जात होतो. पेंटरला भरवत होतो, कारण उजवा हात गेलेला आणि डाव्याने त्याला जमेना. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, या हातात आता ब्रश धरला जायचा नाही. तो रोज विचारायचा, दिसली का रे? मी रोज म्हणायचो, नाही. नंतर त्याला घरी आणलं, तरी तेच. पोलिसांनी तपास गुंडाळल्याचं कळलं त्या दिवशी मात्र तो काही विचारेना. भिंतीकडे बघत पडून राहिला. शेवटी म्हणाला, "बहुतेक मलाच भास झाला असेल. रंग लागलाच नसेल. म्हातारा झालो."

ते मला ऐकवेना. आपल्या डोळ्यांवर कधी शंका न घेतलेला माणूस तो, आणि माझ्यापायी स्वतःला खोटं ठरवत होता.

मी स्टूल जवळ ओढलं आणि सगळं सांगितलं. जावई, लेक, चहा, पट्टा. काही वगळलं नाही.

 मी थांबल्यावर त्याने विचारलं, "कंपाउंडने काढलास?"

"हो."

"पूर्ण निघाला?"

"पूर्ण."

"किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"त्या दहा मिनिटांत तुला माझी आठवण नाही आली?"

नाही म्हणायला किती सोपं होतं. एक शब्द. त्याला तोच हवा होता, तोंडावरच दिसत होतं.

"आली होती," मी म्हणालो.

 त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. "अगं, ह्यांना निघायचंय. दार लावून घे."