पियानोवरचा रुमाल

सकाळी उठल्यावर तासभर कोणाशीही बोलायचे नाही, असा नियम गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी घालून दिला होता आणि गायक तो कसोशीने पाळत. स्वयंपाकघरात जाऊन ते पाणी उकळत ठेवत, मग पातेले ओट्यावर उतरवून, डोक्यावर टॉवेल ओढून वाफ घेत. त्यानंतर पेल्यात निम्म्यापर्यंत कोमट पाणी घ्यायचे, त्यात सरबताची नळी बुडवायची आणि नळीतून हळूहळू हुंकार सोडायचा. पाण्यात बुडबुडे उठत. ते एकसारखे आले तर आवाज जाग्यावर आहे असे समजायचे. मध्येच तुटले तर नाही. भरलेली मैदाने हलवणाऱ्या गळ्याची परीक्षा आता पेलाभर पाण्यात व्हायची, आणि याचे त्यांना कधीकधी हसूही येई.

त्या दिवशी बुडबुडे सारखे तुटत होते.

पेला विसळून ठेवताना त्यांना बाहेरच्या खोलीतून मुलीचा आवाज ऐकू आला. शस्त्रक्रियेनंतर ती आपली नोकरी सोडून त्यांचे सगळे काम पाहू लागली होती. फोनवर ती दबक्या आवाजात बोलत होती. ते दारात आले, तशी ती थबकली.

"हो, पडदे आजच धुवायला टाकते," ती फोनमध्ये म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

पडदे मागच्याच आठवड्यात धुतले होते. धुतले होते तिने आणि परत चढवले होते त्यांनी, स्टुलावर उभे राहून, ती खालून "बाबा, पडाल" म्हणत असताना. मौनाचा तास अजून संपला नव्हता, म्हणून त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

"शिडीकाका होते," ती म्हणाली. "सहजच."

शिडी म्हणजे त्यांच्या जुन्या रॉक बँडमधला गिटारवाला. उंचीवरून हे नाव त्याला गायकांनीच दिले होते, आणि त्याची परतफेड म्हणून त्याने यांना 'भोंगा' म्हणायला सुरुवात केली होती. कारखाना सुटताना जो वाजतो तसला. गाण्याच्या शेवटी गायक वरच्या सुरात जी आरोळी ठोकत, ती ऐकायलाच लोक तिकिटे काढत. बँड केव्हाच मोडला होता. भोंगा आणि शिडी ही नावे तेवढी टिकली होती.

पण शिडीला यांच्या घरच्या पडद्यांचे काय पडले होते?

ती खोलीतून गेल्यावर गायकांनी रेकॉर्ड लावली. या वयात, आयुष्यात प्रथमच, ते केवळ स्वतःच्या नावाचा अल्बम करत होते आणि त्यात रॉकचे एकही गाणे नव्हते. होती ती त्याआधीची गाणी, सोल आणि ब्लूज, जी त्यांनी लहानपणी आईच्या कामाच्या जागी ऐकली होती. आई एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावर उभी असायची. मागे धुलाईची यंत्रे दिवसभर घरघरत आणि फळीवर एक रेकॉर्ड प्लेअर चाले. आई त्याबरोबर गायची, पण रेकॉर्डवरच्या बाईसारखी उंच नव्हे. "यंत्राशी काय भांडायचं? त्याच्या खालून गायचं. गळा दुखत नाही," असे ती म्हणे. मुलगा मात्र यंत्राशी भांडायला शिकला आणि त्यावरच मोठा झाला.

अल्बममधल्या पहिल्या गाण्यात एक जागा अशी होती की तिथे सूर एकदम वर जाई. त्यांनी रेकॉर्डबरोबर गायला सुरुवात केली. ती जागा आली, आवाज वर निघाला आणि अर्ध्या वाटेत फाटला. पुन्हा सुई मागे घेतली; पुन्हा फाटला.

आणि तरीही काल दुपारी स्टुडिओत हीच जागा त्यांनी सहज घेतली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गेल्या आठवड्यापासून हे असेच चालले होते. घरी येत नाही ते तिथे येते. आधी त्यांना वाटले, मायक्रोफोनसमोर उभे राहिले की जुने बळ परत येत असेल. डॉक्टरांनाही त्यांनी अभिमानाने तसे सांगून टाकले होते. पण आज, पडद्यांच्या त्या उत्तरानंतर, त्यांच्या मनात वेगळीच शंका घर करू लागली. तिथे कानांवरच्या हेडफोनमधून जो आवाज येतो, तो आपलाच आहे कशावरून?

तसा आवाज काढणारा एक जण होता. बारमधून यांची जुनी रॉक गाणी हुबेहूब गाऊन पोट भरणारा तो तिशीचा माणूस. लोक त्याला 'दुसरा भोंगा' म्हणत. चारच दिवसांपूर्वी तो स्टुडिओच्या जिन्यात समोर आला होता. "सर, बरे आहात ना?" एवढे पुटपुटून, अंग चोरून, भिंतीकडेने उतरून गेला होता. शस्त्रक्रियेआधीची आरोळी त्याच्या गळ्यात अजून शाबूत होती.

अल्बमवर नाव आपले आणि आवाज दुसऱ्याचा. हा विचार एकदा मनात आला आणि मग तो जागचा हलेना.

*

स्टुडिओ टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. जिन्यात कायम रबराचा वास असे. आत भिंतींवर जाड घोंगड्या ठोकलेल्या, मध्यभागी ड्रम, एका बाजूला इलेक्ट्रिक पियानो आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. बँड मुद्दाम लहान ठेवला होता. बेसदेखील वेगळा नव्हता. पियानोवालीचा डावा हात ते काम करी.

आज गायकांनी सगळ्यांकडे नीट पाहायचे ठरवले होते, आणि पाहू लागल्यावर बरेच काही दिसू लागले. ते आत येताच काचेपलीकडचे बोलणे थांबले. पियानोवालीने खिशातून घडीचा रुमाल काढला आणि पियानोच्या वरच्या कडेला, जिथे लहानशी पाटी उजळते, तिथे अंथरला.

"रुमाल कशाला?" त्यांनी विचारले.

"डोळ्यांवर उजेड येतो, सर."

आत उजेड असा फारसा नव्हताच. शिडीची गिटार स्टँडवर होती. जुन्या सवयीने त्यांनी ती उचलायला हात पुढे केला, तर शिडीने ती चटकन स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"काय रे, विटाळ होतो का माझा?"

"परवा तू तार तोडलीस. पैसे दिलेस का?"

"चाळीस वर्षांत तू मला किती वेळा गिटार दिलीस ते मोज, मग तारांचं बोलू."

शिडी हसला, पण गिटार त्याने सोडली नाही.

गाणे सुरू झाले. ती जागा आली, आवाज वर गेला आणि टिकला. ड्रमवाल्याने मान डोलावली. काचेपलीकडे मुलगी येऊन उभी राहिली होती. तिने सुटकेचा श्वास सोडला हे त्यांना काचेतूनही दिसले. आनंद झालेला माणूस असा श्वास सोडत नाही. काहीतरी उघडकीला येता येता राहिले की असा श्वास सुटतो.

"फक्त माझा आवाज ऐकव," ते रेकॉर्डिस्टला म्हणाले. "वाद्यं सगळी बंद कर."

रेकॉर्डिस्टने मुलीकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली. स्पीकरमधून एकटा आवाज आला. श्वास घेताना गळ्यात येणारी बारीकशी शिट्टी, शब्दाच्या शेवटी होणारी घसट. शस्त्रक्रियेनंतरचा तो आवाज कोणी नक्कल करून काढू शकला नसता. आवाज त्यांचाच होता.

त्यांना हायसे वाटायला हवे होते. पण तसे वाटले नाही. आवाज आपला आहे, तर लपवले काय जाते आहे?

मधल्या सुट्टीत त्यांनी शिडीला जिन्यात गाठले. खाली कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होते.

"तो दुसरा इथे कशाला आला होता?"

"कोण दुसरा?"

"शिडे, तुला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुझे."

शिडीने कानाला हात लावला. "काम मागायला आला होता. तुझ्या लेकीने त्याला इथूनच हाकलला. म्हणाली, बाबांच्या अल्बममध्ये बाबांसारखं गाणारा कोणी लागत नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच्या घरी जाऊन त्याला मारलं असतंस. किंवा जेवायला नेलं असतंस. तुझा काय नेम."

"आणि पडदे?"

"कसले पडदे?" शिडीने विचारले, आणि या वेळी त्याचे कान लाल झाले नाहीत. त्याला खरोखरच काही ठाऊक नव्हते. म्हणजे पडदे ऐन वेळी लेकीलाच सुचले होते. तिने ते कशावर ओढले होते, हे मात्र त्यांना कळत नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी मौनाचा तास त्यांनी वाटेतच काढला. दुकान उघडताच त्यांनी टायरवाल्याकडून वरची किल्ली घेतली आणि कोणी यायच्या आत ते स्टुडिओत पोचले. झाकलेली पाटी आणि हाताला न लागू दिलेली गिटार रात्रभर मनात घोळल्यावर त्यांनी खिशात पोलादी नादकाटा टाकला होता. बँडच्या पहिल्या दिवसांत, सूर जुळवणारी यंत्रे नसताना, ते त्यानेच गिटार लावत.

नुसता एक सूर ऐकून तो कोणता हे ओळखणारे कान काही लोकांना जन्मजात असतात. त्यांचे तसे नव्हते. सगळी वाद्ये एकत्र खाली सरकली, तर आपणही बरोबर सरकलो हे त्यांना कळणे शक्य नव्हते, आणि हे शिडीइतके चांगले दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते.

त्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने स्टँडवरच्या गिटारची त्याच सुराची तार छेडली. तार खाली बोलली. दुसरी, तिसरी, सगळ्याच खाली होत्या. मग त्यांनी पियानो चालू केला आणि रुमाल उचलला. उजळलेल्या पाटीवर आकडा होता: वजा दोन. एक बटण दाबले की वाजवणाऱ्याची बोटे नेहमीच्याच जागी पडतात आणि सूर तेवढा खाली उमटतो.

म्हणजे बँडने गाण्याची पट्टीच उतरवली होती. रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी इथे आवाज फाटला, गायक कोणाशी न बोलता घरी निघून गेले, आणि त्यानंतर हे सगळ्यांनी मिळून ठरवले असणार. बुटक्या माणसाच्या नकळत आरसा खाली टांगावा, तसे.

आधी राग आला. पाटी शून्यावर आणून ठेवावी, गिटार वर चढवावी आणि सगळ्यांसमोर त्या जागेवर आवाज फाटू द्यावा; मग बघू कोण टाळ्या वाजवतो. त्यांनी पाटी शून्यावर आणलीसुद्धा. एका हाताने सूर धरून ते गायले. आवाज फाटला. घोंगड्यांनी तो गिळून टाकला. ऐकायला कोणी नव्हते, आणि एकट्याने फाटण्यात सूड कसला?

ते पियानोच्या स्टुलावर बसून राहिले. वजा दोन हा आकडा त्यांच्या मनातून जाईना. हाच का? कारण तेवढे उतरले की भोंगा जेमतेम वाजतो. त्या जागेवरची आरोळी वाचवायला पुरेल एवढेच या लोकांनी उतरवले होते. या लोकांना आरोळीच हवी होती, आणि खरे तर गायकांना स्वतःलाही. पण आई त्या जागेवर कधी ओरडली नव्हती. रेकॉर्डवरची बाई वर जाई तेव्हा आई खालीच राहून, जवळजवळ बोलल्यासारखे म्हणून पुढे जाई, आणि इस्त्री शर्टाच्या कॉलरवर तशीच फिरत राही.

त्यांनी बटण दाबायला सुरुवात केली. वजा दोन. वजा तीन. प्रत्येक वेळी ते ती जागा म्हणून पाहत होते. वजा चारवर आवाजाला वर जाण्याची गरजच उरली नाही. गळ्यातली शिट्टी आणि घसट, जी वरच्या सुरात दोष वाटत होती, ती इथे शब्दांच्या कामी येत होती. त्यांनी ते पुन्हा म्हटले. मग पुन्हा, नुसते ऐकण्यासाठी.

गिटारही तेवढीच उतरवायला हवी होती. खुंट्या फिरवल्या, तशा तारा सैल पडून खडखडू लागल्या. त्यांनी शिडीची पेटी उघडून जाड तारांचे पाकीट शोधले आणि एकेक जुनी तार काढून नवी चढवायला घेतली. बोटे आखडली होती, पण गाठ कशी मारायची ते विसरली नव्हती. नादकाटा आता उपयोगाचा नव्हता. पियानोवरूनच त्यांनी सूर जुळवला.

माणसे एकेक करून आली तेव्हा ते मायक्रोफोनपाशी उभे होते. पियानोवाली उघड्या पाटीकडे पाहतच राहिली. तिचा रुमाल स्टुलावर घडी घालून ठेवलेला होता. शिडीने गिटार उचलली, अंगठ्याने तारांची जाडी चाचपली, एक तार छेडली आणि पाटीकडे पाहिले. मग गायकांकडे. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"पाकिटाचे पैसे माझ्या नावावर लिही," गायक म्हणाले.

मुलगी काचेपलीकडून आत आली. "बाबा, मी तुम्हाला सांगणारच होते..."

"पडदे वाळले का?"

तिने त्यांच्या बाहीला लागलेला तारेचा गंज हाताने झटकला आणि ती पुन्हा काचेपलीकडे गेली.

"कुठून घ्यायचं?" शिडीने विचारले.

"पहिल्या गाण्यापासून. झालेली सगळी पुन्हा करू."

खालच्या सुराला मायक्रोफोन जवळ लागतो. त्यांनी तो ओठांपाशी ओढून घेतला आणि ड्रमवाल्याला मानेने खूण केली.