फायकसची जागा

हौसेला मोल नसतं म्हणतात. लातूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी माणसाएवढं फायकसचं झाड आणलं, तेव्हा माझा नवरा उद्धवही तेच म्हणाला, फक्त तोंड वाकडं करून. पण झाड देखणंच होतं. चकचकीत पानं, खाली झुकलेल्या फांद्या. घरात आलेला माणूस आधी त्याच्याकडेच बघायचा. मी लाडही तसेच केले. सकाळी कुंडी ढकलत गॅलरीत, दुपारी हॉलमध्ये, संध्याकाळी पंख्याखाली. महिनाभरात निम्मी पानं गळाली.

तेवढ्यात एक तारीख आली आणि नांदेडहून सासरे आले. आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो, मुलं अण्णा. नाव दगडोबा, उभा जन्म नायगावच्या शेतात गेलेला. सासूबाई गेल्या तेव्हा दोघा भावांनी ठरवलं, मामा एक महिना थोरल्याकडे नांदेडला राहतील, एक महिना आमच्याकडे. शेत पुतण्या बघतो. मामा कधी तक्रार करत नसत, म्हणून ते सुखात आहेत असं आम्ही धरून चाललो होतो.

आल्या आल्या त्यांनी झाडाभोवती चक्कर मारली. एक पान तोडून पांढरा चीक बोटावर घेतला.

"वडाच्या भावकीतलं हाय की हे," ते म्हणाले. मग फांदी नखानं खरवडली. आत हिरवं होतं. "जित्तं हाय. निस्तं दमलंय."

"खत घालू का, मामा?"

"काई घालू नको. खिडकीपाशी ठिव आन् हलवू नको. रोज जागा बदलल्यावर त्येनं जीव धरावा कवा?"

त्या महिन्यात मी मामांची शेती पाहिली. सकाळी मातीत दोन पेरं बोट घालायचे. ओल लागली तर पाणी नाही. ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाकायचे. एकेक पान खालून हाताचा आधार देत ओल्या फडक्यानं पुसायचे, बाळाचं तोंड पुसावं तसं. बारा एकर कसलेला माणूस एका कुंडीपुढे तासभर बसायचा आणि त्यात त्याला जराही कमीपणा वाटायचा नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. चौथ्या आठवड्यात फांद्यांच्या टोकांना पोपटी कोंब फुटले.

महिना संपला. मामा पिशवी भरून सोफ्यावर बसले. उद्धव गाडीची किल्ली शोधत होता. मी कोंबांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. झाडाचं मला एका दिवसात पटलं होतं.

"मामा, आता जाऊ नका. इथंच राहा, कायमचे."

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग मी विचारलं, जे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला कुठं राहायचंय?"

"नायगावला." त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

उद्धव थांबला. "अण्णा, तिथं एकटे कसे राहाल?"

"एकटा कुटं? पुतण्याचं घर भिंतीला भिंत हाय. शेत हाय."

उद्धव पुन्हा गाडीची किल्ली शोधायला लागला. मी नांदेडला थोरल्या जाऊबाईंना फोन लावला.

"मामांची वाट बघू नका," मी म्हटलं, "ते घरी चाललेत."