साखळीचा मान

सिद्धनमाळावर स्टेडियम उभं राहिलं तेव्हा सगळ्या तालुक्याला आनंद झाला. हजारो माणसं मावतील एवढ्या पायऱ्या, लांबून दिसणारी कमान, सगळं कसं झोकात! फक्त ही हजारो माणसं तिथं येणार कशी, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात शिरला नाही. गाड्या लावायला जागा ठेवली ती पाहुण्यांच्या मोटारींपुरती. रेल्वेचा रूळ मैदानाला अगदी खेटून जातो, पण गाडी तिथं थांबत नाही. ती थांबते पुढच्या बेळगेरी स्टेशनावर, आणि तिथून मैदान म्हणजे उन्हातलं तासाभराचं चालणं. बिदरहून कलबुर्गीकडे, म्हणजे आपल्या जुन्या गुलबर्ग्याकडे, सामन्याच्या वेळेला उपयोगी पडेल अशी गाडीही एकच, सकाळची पॅसेंजर.

त्यामुळे सीमाकप कबड्डी सुरू झाली की ट्रॅक्टर, जीपगाड्या आणि मोटारसायकली रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागत. जागा संपली की तुरीच्या रानात शिरत, आणि रानाचा मालक काठी घेऊन धावत येई. शेवटी पोलिसांनी सामन्याच्या दिवशी गाड्या पुलाच्या अलीकडेच अडवायला सुरुवात केली. मग पुलाच्या अलीकडे अशी कोंडी होऊ लागली की कलबुर्गीची बससुद्धा तिथंच अडकून पडे.

पण आपली माणसं हार मानणारी नव्हेत. त्यांनी उपाय शोधला. मैदान आलं की आगगाडीची साखळी ओढायची!

चोरून ओढली असती तर निदान थोडी लाज तरी वाटली असती. आपल्या लोकांनी त्याचा मान करून टाकला. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा हे जसं ठरलेलं असतं, तसं सामन्याच्या दिवशी साखळी कुठल्या गावानं ओढायची हे गावोगावच्या पंचांनी बसून ठरवलं. मानकऱ्याला फेटा बांधायचा, बिदर स्टेशनात साखळीला हळदकुंकू वाहायचं, दंडाची वर्गणी आधीच गोळा करून ठेवायची. संध्याकाळी परतीच्या गाडीचीही तीच रीत. मानकऱ्यानं आधी बेळगेरीला जाऊन गाडीत बसायचं आणि मैदानाशी साखळी ओढून सगळ्यांना गाडीत घ्यायचं. नियम एकच, पण कडक. मानकऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी साखळीला हात लावायचा नाही. तिकीट मात्र कुणीच काढत नसे. जिथं स्टेशन नाही तिथलं तिकीट मागायचं कसं, हा त्यावरचा बिनतोड मुद्दा होता. इतक्या शिस्तीत कायदा मोडणारी जनता दुसरीकडे क्वचितच सापडेल.

यंदा फायनलला ठाणाकुशनूरचा संघ होता आणि मानही ठाणाकुशनूरलाच आला होता. मानकरी ठरले श्रीपतराव. शेती सांभाळून खताचं दुकान चालवणारा हा गृहस्थ तसा सरळ, चार माणसांत उठबस असलेला. या मानाची वाट त्यांनी फार वर्षं पाहिली होती. फायनलच्या सकाळी आरशासमोरून ते हलेनात, तेव्हा त्यांच्या पत्नी सोजराबाई म्हणाल्या, "साखळी वडायला जायलाव का नवरी बघायला?"

"तुला काय कळतंय त्यातलं," श्रीपतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "अख्खी गाडी थांबती माझ्या हातानं!"

बिदर स्टेशनात हलगीच्या कडकडाटात साखळीला हळदकुंकू झालं. गाडी निघाली. डबा ठाणाकुशनूरच्या माणसांनी गच्च भरलेला. श्रीपतरावांचा मेहुणा ग्यानबा हलगी मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. समोरच्या बाकावर तेवढ्या दोघी परक्या होत्या. एक मैलूरच्या शाळेतल्या शिक्षिका नेत्रावती आणि दुसऱ्या त्यांच्या आई लिंगम्मा. म्हातारीच्या कपाळाला विभूती होती, आणि लेकीचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.

नेत्रावतींनी फेट्याकडे पाहिलं, मग साखळीवरच्या कुंकवाकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"काका, आज पण सामना हाय का?"

"सामना? फायनल हाय, बाई! आन मान आमचा हाय," ग्यानबानं परस्पर सांगून टाकलं.

"किती वेळ थांबवणार गाडी?"

"सगळी उतरंस्तवर," श्रीपतराव म्हणाले. "हलग्या हायत, भाकरीची गठुडी हायत, म्हातारीकोतारी हायत. कामून, तुमाला कुठं जायाचंय?"

"गुलबर्ग्याला. अव्वाला काचबिंदू हाय. एक डोळा गेला. दुसऱ्याचं ऑपरेशन करायचंय. मोठे डॉक्टर हैदराबादहून महिन्यातून एकदाच येतात. सकाळी वेळेत नाव लागलं तरच टेबलावर घेतात."

"मग लागंल की नाव. उगं घाई कशाला करताव?"

"गेल्या महिन्यात पण असंच वाटलं होतं, काका. त्या दिवशी तुमची सेमीफायनल होती. गाडी थांबली. मार्ग एकेरी, वेळ चुकली म्हणून मग समोरच्या गाडीला वाट दिली, आन् अजून थांबली. आम्ही पोचलो तवा नावं घेणं बंद झालं होतं."

श्रीपतराव जरा चुळबुळले. "तवाचा मान दुसऱ्या गावाचा व्हता," ते म्हणाले. हे उत्तर आपल्याकडे फार चालतं.

"बसनं जायचं की मग," मागून कुणीतरी म्हणालं.

"बस पुलापाशी अडकतीय. तुमच्याच गाड्यांत," नेत्रावती म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगायची सवय त्या आवाजाला होती.

"हे बगा बाई," श्रीपतराव म्हणाले, "आमी काय हौसेनं करायलाव का? थांबा द्या म्हणून अर्ज केले, निवेदनं दिली. कुणी विचारीत न्हाई. साखळी वडली की गाडी मुकाट थांबती. मग आमी काय करावं, सांगा तुमीच."

"तिकीट काढलंय का तुम्ही?"

डब्यात हशा पिकला. ग्यानबा म्हणाला, "तिकीट कुठलं काढावं अक्का? सिद्धनमाळ ठेसन न्हाईच की!"

नेत्रावती हसल्या नाहीत. "बेळगेरीचं काढता येतं. ह्या डब्यात बसायला जागा नाही एवढी माणसं हायत. पण तिकिटं विकली गेली असतील दोन, माझं आन् अव्वाचं. वरचा साहेब काय बघणार? तिकिटं बघणार. तो म्हणणार, ह्या गाडीला गर्दीच नाही, मग जादा गाडी कशाला अन् थांबा कशाला? त्याच्याकडं तुमच्या नावानं एकच गोष्ट पोचतीय, ती म्हणजे दंड. ह्या भागातली माणसं साखळी ओढतात, एवढंच त्याला माहीत हाय. ह्या भागातल्या माणसांना गाडी पाहिजे, हे त्याला कोण सांगणार?"

हशा थांबला. कुणी खिडकीबाहेर बघू लागलं, कुणी तंबाखू मळू लागलं. मुद्दा पटला की आपल्याकडे तंबाखू मळतात.

"आन् राग कुणाचा, भोगतंय कोण?" नेत्रावती पुढं म्हणाल्या. "ज्यांनी पार्किंग न ठेवता स्टेडियम बांधलं, ते आज मोटारीनं येऊन कमानीतून आत जातील. त्यांचा काही खोळंबा होणार नाही. खोळंबा होणार ह्या डब्यातल्या माणसाचा. गेल्या महिन्यात अव्वाला बाजूनं येणारं माणूस दिसत होतं. आता दिसत नाही. काचबिंदूत जे गेलं ते परत येत नाही, काका. एका महिन्यात तेवढं गेलं."

श्रीपतरावांना वाईट वाटलं, हे खरं. पण वाईट वाटणं वेगळं आणि भरल्या डब्यात आपल्याच गावासमोर माघार घेणं वेगळं. फेटा डोक्यावर होता. सगळं गाव बघत होतं.

तेवढ्यात लांबून कमान दिसली. हलग्या कडाडल्या. माणसं गठुडी उचलून दाराकडे सरकली. दुसऱ्या डब्यांतूनही आरोळ्या आल्या, "ठाणाकुशनूर! ठाणाकुशनूर!"

"भावजी, उठा!" ग्यानबा ओरडला.

श्रीपतराव उठले. साखळी लिंगम्मांच्या बाकाच्या बरोबर वर होती. त्यांनी हात वर केला. लिंगम्मा मान वर करून थेट त्यांच्याकडेच पाहत होत्या. समोरचं तेवढंच काय ते त्यांना दिसत होतं. धाकट्या भावाला म्हणावं तशा त्या म्हणाल्या, "तम्मा, मैदान आलं का रे? ओढ बाबा. पर जरा लवकर उतरा सगळी. तेवढं माझ्यासाठी कर."

त्यात रागही नव्हता आणि रडणंही नव्हतं. या बाईनं अडवलं असतं तर श्रीपतरावांनी कदाचित हिसका देऊन साखळी ओढली असती. तिनं अडवलंच नाही! आपला डोळा गेला तरी चालेल पण चार माणसांचा खोळंबा नको, अशी ती म्हातारी, आणि आपण फेटा बांधून तिच्या डोक्यावर उभे! श्रीपतरावांना स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसली.

त्यांचा हात खाली आला.

"भावजी! मैदान चाललं की!" ग्यानबानं साखळीकडे झेप घेतली.

"थांब!" श्रीपतराव गरजले. ते साखळीला पाठ लावून उभे राहिले. "मान कुणाचा हाय?"

"तुमचाच हाय. मग वडा की!"

"माझा हाय न्हवं? मग वडायची का न्हाई ते पण मीच ठरविणार! मानकऱ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई, हे पंचांनीच सांगितलंय. लावा कुणाची छाती हाय तर!"

कुणाची छाती झाली नाही. गावोगावच्या पंचांनी घातलेला नियम मोडायचा म्हणजे पुढच्या साऱ्या वर्षांचे मान बुडाले. मागच्या डब्यांत तर माणसं मानकऱ्याच्या साखळीची वाट पाहत हातात गठुडी धरून उभीच राहिली. त्यांच्या डोळ्यांसमोरून कमान गेली, पायऱ्या गेल्या, मैदान मागं पडलं. रेल्वेला जे कधी जमलं नव्हतं, ते साखळीच्या मानानंच करून दाखवलं!

बेळगेरीला सगळी उतरली, तेव्हा श्रीपतरावांना जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नेत्रावतींनी उतरण्याआधी त्यांचा फोन नंबर मागून घेतला. लिंगम्मांनी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला. गाडी वेळेवर पुढं गेली.

उन्हातून चालत मंडळी मैदानावर पोचली, तेव्हा सामना संपत आला होता. ठाणाकुशनूर थोडक्यात हरलं. ओरडायला आपली माणसं नव्हती म्हणून हरलं, असं सगळ्यांनी जागेवरच ठरवून टाकलं. पंचांनी ठाणाकुशनूरचा मान कायमचा काढून घेतला. श्रीपतराव एका पायरीवर एकटेच बसून राहिले. फेटा त्यांनी केव्हाच सोडला होता.

दुपार कलली तेव्हा फोन वाजला. नेत्रावती होत्या. "काका, नाव लागलं! आत्ताच अव्वाला बाहेर आणलंय. गेलेलं येणार नाही, पण राहिलेलं राहील, म्हणालेत डॉक्टर."

श्रीपतरावांना पुढचं नीट ऐकूच आलं नाही. त्यांनी फोन खाली ठेवला आणि चारचौघांत डोळे पुसले. ग्यानबा लांबून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. तो जवळ येऊन म्हणाला, "काय झालं?"

"म्हातारीचा डोळा राहिला."

"सामना गेला पर," ग्यानबा म्हणाला, आणि शेजारी बसला. मग म्हणाला, "सामना काय, पुढच्या साली पुन्यांदा व्हईल."

संध्याकाळी परतीची गाडी मैदानाशी थांबवायला यंदा मानकरीच नव्हता. सगळ्यांना बेळगेरीपर्यंत पुन्हा चालत यावं लागलं. स्टेशनात श्रीपतराव तिकिटाच्या खिडकीशी पहिले जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागं कुरकुरत ग्यानबा. दोघं उभे आहेत म्हणून आणखी चौघं आले, चौघांना पाहून बाकीचे आले. काहीजण अर्थातच आले नाहीत, ते झाडाखाली बसून हसत राहिले. पण रांग फलाटाच्या टोकापर्यंत गेली.

खिडकीतला माणूस चक्रावला. "एवढी माणसं आज कुठून आली?"

"फायनलला आलती, साहेब. दरवर्षी येताव की."

"दरवर्षी? मी इथं आल्यापासून तर कधी दिसली नाहीत!"

"कशी दिसणार?" श्रीपतराव म्हणाले. "आमी कधी तिकीटच काढलं न्हाई."

सिद्धनमाळाला अजून थांबा मिळालेला नाही, आणि गाड्या लावायला जागाही झालेली नाही. या दोन्ही गोष्टी मागितल्याच पाहिजेत, आणि मिळेपर्यंत मागत राहिलं पाहिजे. तो आपला हक्क आहे. पण बंधुभगिनींनो, हक्क मागणाऱ्यानं आधी आपली गणती करून द्यावी लागते, आणि दुसऱ्याचा वेळ हिसकावून केलेल्या सोयीची किंमत गाडीतलं कुणीतरी भरत असतं. बहुतेक वेळा ते माणूस आपल्याला दिसत नाही. श्रीपतरावांना ते दिसलं, कारण ते समोरच्याच बाकावर बसलं होतं.